मीठ बदललं आणि पोटॅशियम वाढलं : एक प्रकरण अभ्यास

(नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.)

पार्श्वभूमी

शकुंतलाबाई, वय ५८. सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. घरात त्या, एसटीतून निवृत्त झालेले यजमान, धाकटा मुलगा आणि सून. थोरला मुलगा पुण्यात नोकरीला. चौदा वर्षांपासून मधुमेह, आठ-नऊ वर्षांपासून रक्तदाब. गोळ्या चालू होत्या : साखरेसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन. तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, ८.६.

नेहमीच्या तपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे किडनी मंदावली की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ, १.५ आलं. वय आणि लिंग धरून हिशोब केला तर किडनीची गाळण्याची क्षमता, रिपोर्टवर जिला ईजीएफआर म्हणतात ती, ४० च्या आसपास येते. लघवीतून प्रथिनंही जात होती. तज्ज्ञ डॉक्टरांनी सांगितलं, "किडनीवर परिणाम सुरू झालाय, घाबरू नका, डायलिसिस वगैरे लांब आहे. मीठ कमी करा, प्रोटीन बेताचं ठेवा, साखर सांभाळा." बाहेर चाळीस माणसं ताटकळत होती. त्यांच्याकडे याहून जास्त वेळ नव्हता, आणि त्यांनी सांगितलेलं सगळं बरोबरच होतं.

घरी आल्यावर सुनेने विचारलं, "बेताचं म्हणजे किती?" या प्रश्नाचं उत्तर घरात कोणाकडेच नव्हतं. ते शोधायला थोरल्या मुलाने फोन उघडला.

मी त्यांच्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात मधुमेह समुपदेशक म्हणून काम करते. पुढचा बराच भाग सासू-सुनेकडून ऐकलेला आहे, काही माझ्यासमोर घडलेला.

अडचण

पंधरवड्यात शकुंतलाबाई तीन ठिकाणी जोडल्या गेल्या. पहिला मधुमेह "उलटवण्याचा" व्हॉट्सअॅप गट. दुसरा किडनीच्या रुग्णांचा फेसबुकवरचा गट. तिसरं एक मोबाइल अॅप, त्यात रोज सकाळी एक "कोच" संदेश पाठवायची.

गटांबद्दल सरसकट नाक मुरडणं सोपं आहे, पण पहिल्या गटाने या बाईंसाठी एक काम खरोखर केलं : त्यांना चालायला लावलं. चौदा वर्षं दवाखान्यात आम्ही "रोज चाला" म्हणत होतो. गटातल्या कराडच्या एका ताईंनी रोज सकाळी पावलांचा आकडा टाकायला सुरुवात केली आणि शकुंतलाबाई तिसऱ्या दिवशी चपला घालून बाहेर पडल्या. आजारावर बोलायला त्यांना घराबाहेर कोणी नव्हतं. यजमानांना विषय निघाला की चिडचिड व्हायची, आणि शेजारणींना सांगितलं की गावभर होतं.

त्याच गटाने जेवणही बदललं. भाकरी बंद करा, पिष्टमय पदार्थ म्हणजे विष. सकाळी मोड आलेले मूग, दुपारी पनीर, संध्याकाळी बदाम आणि प्रोटीन पावडरचा एक मोठा चमचा. ही पावडर गट चालवणाऱ्यांकडूनच मिळायची. रात्रीची भाकरी गेली, ग्लिमेपिराइडची गोळी मात्र तशीच राहिली. एका पहाटे बाई घामाने भिजून उठल्या, हात थरथरत होते. सुनेने ग्लुकोमीटर लावलं तर ६१. गूळ दिला, निभावलं. किडनीचं काम मंदावलं की ही गोळी शरीरात जास्त काळ रेंगाळते, म्हणून जेवण कमी करायच्या आधी गोळीचं बघावं लागतं. गटात हे विचारल्यावर उत्तर आलं, "हे तर चांगलं लक्षण, शुगर उतरतेय."

दुसऱ्या गटातले लोक मनापासून मदत करणारे होते. अडचण अशी की तिथे बहुतेक जण डायलिसिसवरचे होते. डायलिसिसमध्ये प्रथिनं वाहून जातात, म्हणून त्यांना दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. डायलिसिस न लागलेल्या, शकुंतलाबाईंच्या टप्प्यावरच्या रुग्णाला साधारण ०.८ ग्रॅम. त्यांचं वजन ६२ किलो, म्हणजे दिवसाला ५० ग्रॅमच्या आसपास. "अंड्याचं पांढरं रोज चार खा" हा सल्ला देणाऱ्याचं त्याच्या जागी बरोबर होतं. दोघांच्या फायलीवर "किडनी पेशंट" एवढंच लिहिलेलं. पथ्य मात्र जवळजवळ उलटं.

अॅपवरच्या कोचचं जेवण ओट्स, ब्रोकोली आणि "मिलेट बाउल" असं होतं. ज्वारीच्या जिल्ह्यात राहणाऱ्या बाईला कोणी मिलेट बाउल शिकवावा, हे सुनेला इतकं गमतीचं वाटलं की तो संदेश तिने माहेरी पाठवला. अॅप आठ दिवसांत बाजूला पडलं.

खरा घोळ मिठाने केला. "मीठ कमी करा" हे डॉक्टरांनीच सांगितलेलं. पहिल्या गटात कोणीतरी लिहिलं, "साधं मीठ सोडा, लो सोडियम मीठ वापरा, चव तीच." थोरल्या मुलाने पुण्याहून दोन पुडे पाठवले. या मिठात काही सोडियम क्लोराइड काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. निरोगी माणसाला, रक्तदाबवाल्यालाही, ते चालू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाच्या बाजूने शिफारस केली, पण त्यातच स्पष्ट म्हटलंय की किडनीचं काम बिघडलेल्यांना ती लागू नाही. गटात फिरली ती शिफारस. अपवादाची ओळ मागेच राहिली.

याच सुमारास उन्हाळा लागला, आणि गटातून "किडनी साफ करायला" रोज एक शहाळं सुरू झालं. एका मध्यम शहाळ्याच्या पाण्यात सुमारे ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. तिकडे टेल्मिसार्टन हे औषध मुळातच पोटॅशियम शरीरात धरून ठेवतं. मीठ, शहाळं आणि गोळी, तिन्ही एकाच दिशेने काम करत होती आणि ते बाहेर टाकणारी किडनी अर्ध्याहून कमी ताकदीवर चालत होती. पाच आठवड्यांनी रक्त तपासलं तेव्हा पोटॅशियम ५.९ आलं. साधारण ३.५ ते ५ असायला हवं. बाईंना त्रास विचारला तर म्हणाल्या, "पाय जरा गळाल्यासारखे होतात, उन्हाने असेल." पोटॅशियम वाढलेलं बहुतेक वेळा असंच निमूट असतं, आणि एकदम हृदयाच्या ठोक्यांवर जातं. डॉक्टरांनी त्याच दिवशी ईसीजी काढला. सुदैवाने नॉर्मल होता. मीठ आणि शहाळं बंद झालं, पोटॅशियम उतरवायची पावडर काही दिवस दिली, ग्लिमेपिराइडचा डोस निम्मा केला. दहा दिवसांनी आकडा ५.१ वर आला.

समोरचे पर्याय

त्या संध्याकाळी थोरल्या मुलाने फोनवरच फर्मान काढलं : आई, सगळ्या गटांतून बाहेर पड. हा पहिला पर्याय. भीतीपोटी सुचलेला, आणि समजण्यासारखा. पण बाई त्याला म्हणाल्या, "मग मी बोलू कोणाशी? तू तर रविवारी फोन करतोस." गट सोडला असता तर चालणंही सुटलं असतं, याबद्दल मला फारशी शंका नाही. शिवाय सुनेचा "किती?" हा प्रश्न तसाच राहिला असता आणि महिन्याभरात तो दुसऱ्या कुठल्यातरी गटात विचारला गेला असता.

दुसरा पर्याय पैसे भरून मोठं पॅकेज घेण्याचा. तीन महिन्यांची फी आगाऊ, रोज फोन, "गॅरंटी". मुलाने एका ठिकाणी चौकशी केली. समोरच्याने वजन, उंची आणि वय विचारलं. क्रिएटिनिन विचारलं नाही, गोळ्या विचारल्या नाहीत. त्यावरून आम्ही तो पर्याय खोडला. गॅरंटी हा शब्द तर दीर्घ आजाराशेजारी शोभतच नाही.

तिसरा पर्याय सरकारी ई-संजीवनीचा. घरबसल्या डॉक्टरांशी फोनवर बोलता येतं, फुकट. धाकट्या मुलाने ते केलंही. डॉक्टरांनी रिपोर्ट ऐकून नीट सांगितलं की औषधं परस्पर बदलू नका, तुमच्या डॉक्टरांना दाखवा. एकदाच्या प्रश्नासाठी सोय चांगली. रोजच्या आमटीत मीठ किती, यासाठी मात्र परत परत तोच माणूस भेटावा लागतो.

चौथा : किडनीच्या रुग्णांसोबत काम करणारी आहारतज्ज्ञ शोधून तिच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलणं आणि गटातलं जे उपयोगाचं तेवढं ठेवणं. तालुक्याच्या गावी अशी आहारतज्ज्ञ नाही. सोलापूर किंवा पुण्याला प्रत्येक वेळी जायचं म्हणजे एका माणसाचा दिवस आणि भाडं. म्हणून ऑनलाइन. आपल्याकडे "न्यूट्रिशनिस्ट" ही पाटी कोणीही लावतं, तेव्हा निवड कशावर करायची यावर आम्ही थोडा वेळ घातला. शिक्षण आहारशास्त्रातलं आहे का. इंडियन डायटेटिक असोसिएशनची आरडी, म्हणजे रजिस्टर्ड डायटिशियन, ही पात्रता आहे का. रुग्णालयात काम केलंय का. त्याहून उपयोगी पडली एक साधी पारख : तक्ता देण्याआधी ती रिपोर्ट आणि गोळ्यांची यादी मागते का, आणि स्वतः काही विकते का. दोघींशी बोलून एक निवडली. ती मराठी बोलणारी होती, हा योगायोग नव्हता; शकुंतलाबाईंची ती अटच होती.

काय केलं

पहिला कॉल वाया गेला. तो रविवारी संध्याकाळी झाला, पुण्याहून थोरला मुलगा आणि इकडे शकुंतलाबाई. मुलाने सगळे रिपोर्ट व्यवस्थित पाठवले होते, प्रश्न लिहून ठेवले होते. चार पानी पीडीएफ आली, ती त्याने सुनेला पुढे पाठवली. पंधरा दिवसांनी आहारतज्ज्ञांनी विचारलं, काय जमलं? काहीच नाही. भाकरी थापणारी, फोडणी देणारी, मिठाचा डबा हाताळणारी बाई त्या कॉलवर नव्हतीच. कमावता मुलगा आजाराची सूत्रं हातात घेतो आणि स्वयंपाक करणारीला निरोप मिळतो, हे आमच्या दवाखान्यात नेहमी बघायला मिळतं.

दुसरा कॉल सकाळी अकराला, थेट स्वयंपाकघरात. फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलेला. आहारतज्ज्ञांनी सुनेला विचारलं, "ताई, मिठाचा एक किलोचा पुडा तुमच्याकडे किती दिवस जातो?"

"पंचवीस दिवस. कधी त्याच्याआधीच."

"जेवणारे चार?"

"चारच."

त्यांनी तिथेच हिशोब मांडला. १००० ग्रॅम, पंचवीस दिवस, चार माणसं : माणशी रोज १० ग्रॅम. लोणचं, पापड, बाहेरची फरसाण वेगळी. हवं होतं ५ ग्रॅमच्या आत. म्हणजे तोच पुडा पन्नास दिवस पुरायला हवा. सुनेला चमचे आणि ग्रॅम कधीच पटले नव्हते. पुडा कधी फोडला याची तारीख मात्र लगेच पटली. तिने पुड्यावर पेनने तारीख घालायला सुरुवात केली. मीठ साधंच, फक्त कमी. पहिला टप्पा चाळीस दिवसांचा ठरला, कारण एकदम निम्मं केलं असतं तर यजमानांनी ताट सरकवलं असतं. भाकरीच्या पिठात मीठ नाही, भातात नाही, आमटीत शेवटी आणि मोजून.

त्यांनी भाकरी परत आणली, हे बाईंना सगळ्यात आवडलं. दोन वेळेला मिळून तीन भाकरी, आकार ठरवून. ज्वारीच्या एका भाकरीत साधारण पाच-सहा ग्रॅम प्रथिनं असतात हे ऐकून त्या थक्क झाल्या. भाकरीत "नुसता स्टार्च" असं त्यांना गटात शिकवलं होतं. तीन भाकरी, एक वाटी आमटी, थोडा भात, एक कप दूध, वाटीभर ताक, दोन चमचे शेंगाचटणी असं करत बेरीज पन्नासच्या जवळ गेली. पावडरचा डबा हिशोबात बसेना, म्हणून तो गेला. शेंगाचटणी बंद करायची की नाही यावर बरीच घासाघीस झाली. सोलापूरकडच्या घरात शेंगाचटणी बंद म्हणजे जेवणच बंद. आहारतज्ज्ञांनी ती ठेवली, पण दोन चमच्यांवर आणि घरी कमी मिठात कुटलेली.

पोटॅशियमचं पथ्य सरसकट नव्हतं. किडनीच्या प्रत्येक रुग्णाने फळं-भाज्या टाकाव्यात असं काही नाही. रक्तात ते वाढलेलं असेल तेव्हा आवळायचं. काही महिने पालेभाज्या आणि बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकडायचा आणि पाणी ओतून द्यायचं, असं ठरलं. इथे शकुंतलाबाई अडल्या. "सगळं सत्त्व मोरीत घालायचं?" त्यांच्या आईने आयुष्यभर भाजीचं पाणी आमटीत जिरवलेलं. आहारतज्ज्ञ म्हणाल्या, "काकू, तुम्ही मेथी कडू लागली की पिळून घेता ना, तसंच समजा." त्यावर गाडी पुढे सरकली. कटाच्या आमटीवर मात्र गाडी परत अडली, कारण कट म्हणजे डाळ उकडलेलंच पाणी. होळीला अर्धी वाटी, यावर तह झाला.

सर्वांत अवघड निर्णय आषाढीचा. पंढरपूर ज्या जिल्ह्यात, तिथे एकादशी सोडा म्हणणं म्हणजे बोलणंच खुंटवणं. उपवासाचं ताट मात्र या आजारासाठी वाईटच जुळून आलेलं आहे : बटाटा, रताळं, शेंगदाणे, राजगिरा, सगळ्यांत पोटॅशियम भरपूर. सैंधव मीठ "चालतं" असा समज आहे, पण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. त्यात साखर उतरवणारी गोळी. डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि सासू-सून अशी चौघांची बोलणी झाली. ठरलं असं : उपवास करायचा, निर्जळी नाही. दोन वेळा भगर, सोबत दाण्याच्या आमटीऐवजी ताकाची कढी, मीठ रोजच्याच मापात. त्या दिवशी ग्लिमेपिराइडचं काय करायचं ते डॉक्टरांनी आदल्या आठवड्यात कागदावर लिहून दिलं. दुपारी आणि रात्री साखर तपासायची, ७० च्या खाली गेली तर उपवास तिथेच सोडायचा. बाईंनी विचारलं, "विठ्ठल काय म्हणेल?" यजमान पहिल्यांदाच या विषयात बोलले : "तो काही म्हणणार नाही, पण मी म्हणेन."

गटाचं काय? शकुंतलाबाईंनी मोठा गट सोडला, पण कराडच्या ताई आणि आणखी तिघी यांच्यासोबत वेगळा छोटा गट केला. नियम त्यांनीच घातले. पावलं टाकायची, ताटाचा फोटो टाकायचा, पदार्थ कसा केला ते सांगायचं. गोळीबद्दल आणि मापाबद्दल कोणी कोणाला सांगायचं नाही. ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरांना. आलेला संदेश जसाच्या तसा पुढे ढकलायचा नाही. चौथा नियम सुनेने सुचवला : घरात स्वयंपाक करणारी कोणी असेल तर तिलाही गटात घ्यायचं. मिठाशिवाय चव कशी आणायची याच्या सगळ्यात चांगल्या युक्त्या तिथूनच आल्या. आमसूल, लिंबू, भाजलेलं जिरं, लसणाची खमंग फोडणी. आणि मीठ शिजताना न घालता वरून भुरभुरलं तर कमी पुरतं, ही कराडकडची. आहारतज्ज्ञांना हे ठाऊक नसेल असं नाही, पण चार स्वयंपाकघरांत करून पाहिलेलं सांगणारीचा शब्द वेगळा लागतो.

काय झालं

नऊ महिन्यांनी पोटॅशियम ४.८, एचबीएवनसी ७.४, रक्तदाब १३४/८०. क्रिएटिनिन १.५ वरच थांबलेलं. दीर्घ आजारात जागेवर थांबणं हाच चांगला निकाल असतो. मात्र श्रेय एकट्या आहाराला देता येणार नाही. मधल्या काळात डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिन सुरू केलं होतं, ते साखरेसोबत किडनीलाही आधार देणारं औषध आहे. चालणं टिकलं, तेही धरायला हवं. कशाचा वाटा किती, हे एका माणसावरून सांगता येत नाही.

पुडा आता बेचाळीस-त्रेचाळीस दिवस जातो. पन्नासपर्यंत पोचला नाही, कारण पापड परत आले. पाहुणे आले की शेंगाचटणीचे दोनाचे चार चमचे होतात. साखर खाली गेल्याचा प्रसंग परत आला नाही.

सगळ्यांत जास्त बोजा सुनेवर आला, तो रिपोर्टमध्ये दिसत नाही. पहिले तीन महिने ती दोन वेगळ्या भाज्या करायची, सासूची उकडून पाणी ओतलेली आणि बाकीच्यांची नेहमीची. आहारतज्ज्ञांनी तिसऱ्या कॉलमध्ये हे विचारून काढलं आणि घरभर एकच कमी मिठाची भाजी करा म्हणून सांगितलं. यजमानांनी आठवडाभर कुरकुर केली, मग त्यांचाही रक्तदाब मोजला गेला आणि कुरकुर थांबली.

वेगळं काय करता आलं असतं

किडनीचा रिपोर्ट आला त्याच दिवशी आहारतज्ज्ञांकडे चिठ्ठी गेली असती तर मधले दोन-तीन महिने वाचले असते. डॉक्टरांकडे वेळ नसतो, हे धरूनच चालावं. पण "मीठ कमी" या दोन शब्दांखाली "लो सोडियम मीठ आणि शहाळं नको" एवढी ओळ छापलेली असती तरी पुरली असती. आता आमच्या दवाखान्यात टेल्मिसार्टनसारखं औषध चालू असलेल्या आणि ईजीएफआर ६० च्या खाली असलेल्या प्रत्येकाच्या कागदावर तसा शिक्का मारतात.

आहारात मोठा बदल केला की दोन आठवड्यांत पोटॅशियम तपासायला हवं होतं, पाच आठवड्यांत नव्हे. तपासणी महाग नाही, पण ती कोणी सुचवलीच नाही, कारण बदल झालाय हे दवाखान्याला माहीतच नव्हतं. लोक औषध बदललं तर सांगतात. जेवण बदललं तर सांगायचं असतं, असं कोणाला वाटत नाही. "गेल्या महिन्यात खाण्यात काय नवं आलं किंवा काय बंद झालं?" हा प्रश्न आपणच विचारायचा असतो. "पथ्य पाळता ना?" असं विचारलं की उत्तर कायम "हो" येतं.

पहिल्या कॉलवर सून असायला हवी होती. आणि मोठ्या गटात जाताना मुलाने एक गोष्ट बघायला हवी होती : इथले बाकीचे आपल्याच टप्प्यावरचे आहेत का, की फक्त आपल्याच नावाच्या आजाराचे?

एक प्रश्न अजून उघडा आहे. छोट्या गटातल्या एकीचं क्रिएटिनिन वाढत चाललंय आणि तिला फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या तयारीसाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडण्याची शस्त्रक्रिया, करून घ्यायला सांगितलंय. डायलिसिस सुरू झालं की तिचं ताट या चौघींच्या ताटापेक्षा वेगळं होईल, प्रथिनं वाढतील, पाणी मोजून प्यावं लागेल. तिने गटात राहावं का, ताटाचे फोटो टाकावेत का, यावर सध्या चर्चा चालू आहे. शकुंतलाबाईंचं म्हणणं : फोटो टाकू दे, फक्त वर मोठ्या अक्षरांत "हे माझं, तुमचं नाही" लिहू दे.